चिमटा मी काढला होता, प्रयागबाई

प्रयागबाई,

मागच्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. पांढरा शर्ट, पांढरे केस, हातात काठी, एवढं दिसलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. वंदना झाली. मग तुमच्या गल्लीतल्या गुरुजींनी माईक माझ्याकडे दिला. म्हणाले, "आक्कांनी लातूरला ज्यांच्या घरच्यांची सेवा केली ते भाऊसाहेब अहमदपूरहून आलेले हायेत. ते दोन शब्द बोलतील."

मी उठलो. तुमच्या फोटोकडे बघायचं टाळलं. म्हणालो, "प्रयागबाई फार सेवाभावी होत्या. अतिशय कष्टाळू होत्या. त्यांच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण झाली आहे." आणि खाली बसलो.

तीन वाक्यं. एकेक वाक्य खरं, आणि तिन्ही मिळून खोटं. तुमच्यासमोर मी दुसऱ्यांदा असा वागलो. पहिल्या वेळी तुम्ही जिवंत होतात आणि माझ्यापासून चार हातांवर उभ्या होतात.

तलाठी म्हणून मी आयुष्यभर पंचनामे लिहिले. कुणाचा गोठा जळला, कुणाच्या बांधावरून कुणाची डोकी फुटली, गारपिटीत कुणाचं किती गेलं. जागेवर जाऊन, बघून लिहायचं, ऐकीव लिहायचं नाही, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. तुमच्याबाबतीत मी जागेवर होतो आणि सगळं बघितलं होतं. तरी लिहिलं नाही. ते आता लिहितो.

आधी नावाचं. लातूरच्या शुश्रूषा केंद्रात तुम्हाला सगळे मावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, तुम्ही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असून. तुमचं नाव प्रयागबाई आहे हे मला तुमच्यावरच्या तक्रारीच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. त्याच कागदावर खाली माझी सही आहे.

माझ्या बायकोला, कुसुमला, पक्षाघात झाल्यावर तिचं बोलणं गेलं, उजवं अंग गेलं. डावा हात आणि डोळे तेवढे राहिले. मुलं पुण्यात. घरी तिला उचलायला कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते करायचंही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला पाण्याचा तांब्या कधी भरून दिला नव्हता. तिची चादर मी काय बदलणार? मुलांनी लातूरला चार नंबरची खोली घेतली आणि तिथं तुम्ही भेटलात.

त्याच केंद्रात ते नवं यंत्र आलं. बोटभर लांबीचा पांढरा चिमटा. पेशंटच्या डायपरच्या कडेला लावायचा. ओल लागली की तुमच्याजवळच्या मोबाइलवर टुंग-टुंग वाजायचं आणि बाहेर नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर खोलीचा नंबर हिरव्याचा लाल व्हायचा. मोठ्या मुलाने मला फोनवर समजावून सांगितलं, "बाबा, आता आई ओल्यात पडून राहणार नाही. माणूस विसरेल, हे विसरत नाही." मला ते पटलं. तुम्हाला पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी चिमटा बोटांत धरून तुम्ही म्हणालात, "ह्यो तर चुगलखोर हाय."

"चुगलखोर कसा? कामाचा आहे," मी म्हणालो.

"ह्यो झाल्यावर सांगतो, भाऊसाहेब. मी व्हायच्या आधी सांगते. तायच्या भुवईला बारीक आठी पडली की मला कळतं."

"माणसाचं लक्ष चुकतं, मावशी. यंत्राचं चुकत नाही."

"हाव, ते बी खरंय." तुम्ही चिमटा लावला, दिव्याची बाजू बाहेर करून. नेहमी तशीच लावायचात. "आन् ह्याला लाज न्हाई. लई चांगली गोष्ट हाय ती. माणसाला लाज असती, तिथंच सगळं अडतं."

आपला हा वाद महिनाभर चालला. तुम्ही कुसुमला कुशीवर वळवता वळवता बोलायचात, मी खिडकीकडे तोंड करून. दर दोन तासांनी कूस, माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला की मलम, आणि सगळं करताना तिच्याशी गप्पा. "ताय, आज तुमच्या मालकांनी नवा शर्ट घातलाय बरं का. कुनाला दाखवायला घातलाय, इचारा की." कुसुम डोळ्यांनी हसायची. माझ्याकडे बघून ती तशी कधी हसली होती, ते मला आठवत नाही.

मी तुमच्या हातचा चहा प्यायचो. मला त्याचा अभिमान होता, प्रयागबाई. तुम्ही बौद्ध, आम्ही गावातले जमीनवाले, आणि बघा, मी चहा पितो. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटायचो. पाठ थोपटावी लागत होती, यातच काय ते आलं.

आता त्या दिवसाचं.

भावकीतल्या लग्नासाठी मी आठ दिवस गावाकडे होतो. परतलो तो थेट व्याही येणार त्या दिवशी सकाळी. थोरल्याची सासुरवाडी, किल्लारीकडची बडी माणसं. आजारी सवाष्णीला नुसतं बघून कसं जायचं, ओटी भरून जायचं, म्हणून विहीणबाई साडी-नारळ घेऊन, जीप भरून येणार होत्या. सोबत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. जेवण तिथंच, कुसुमच्या खोलीत.

मला एकच धास्ती होती. ओटी भरताना ते टुंग-टुंग वाजलं तर? मोबाइल व्हरांड्यात असला तरी आवाज आत यायचाच. मागे एकदा माझा जुना सोबती बसलेला असताना ते वाजलं होतं. "कुणाचा फोन आला बघा," तो म्हणाला, आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना. आता व्याह्यांसमोर साऱ्या खोलीला कळणार की माझ्या बायकोने अंथरुणात केलं. लाज कुसुमची वाटत होती असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. लाज माझी होती.

ते यायच्या आधी मी चादरीखाली हात घातला आणि चिमटा काढला. कुसुमने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मी म्हणालो, "थोड्या वेळाचं काम आहे," आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. चिमटा शर्टाच्या खिशात टाकला.

मग बाहेर व्हरांड्यात येऊन तुम्हाला म्हणालो, "मावशी, आज पाव्हणे आहेत. तुम्ही आत येऊ नका. मशीन वाजलं तरच बघा."

"आन् कूस?"

"एक दिवस राहू द्या."

"माकडहाडापाशी लाल हाय, भाऊसाहेब. राहू दिऊन चालायचं न्हाई."

"मी सांगतोय ना."

तुम्हाला बाहेर का ठेवलं, तेही लिहितो. विहीणबाई पहिल्या पाच मिनिटांत विचारणार, ही बाई कोण, कुठली, कोणाची. आणि उत्तर ऐकल्यावर त्यांनी तुमच्या समोर धपाटे उघडले नसते. मला तो प्रसंग नको होता. म्हणून तुम्ही सबंध दिवस व्हरांड्यातल्या बाकावर. तिथून टेबलावरचा पडदा दिसायचा. पडद्यावर चार नंबर हिरवागार. दिसणारच. चिमटा माझ्या खिशात कोरडाठाक होता.

यंत्रावर विसंबू नका असं तुम्ही महिनाभर सांगत होतात. त्या एका दिवशी माझ्या हुकमाने तुम्ही यंत्रावर विसंबलात.

सकाळी दहाला आलेले पाहुणे साडेपाचपर्यंत बसले. ओटी भरली. जेवणं झाली. उसाच्या, सोयरिकीच्या गप्पा झाल्या. दुपारी कुसुमने डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटला. थांबली. पुन्हा आपटला. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, विहीणबाईंना किती आनंद झालाय आम्ही आल्याचा." सगळे हसले. मीही हसलो. तिची भुवई मी बघितली नाही. मला ती वाचता येत नव्हती, आणि जिला येत होती तिला मी बाहेर बसवलं होतं.

जीप गेली. मी चादरीखाली हात घातला. तो ओला झाला, आणि नुसता ओला नाही. मी घाईघाईने चिमटा जसा लागला तसा लावला आणि लांब जाऊन उभा राहिलो. तुम्ही धावत आत आलात. चादर काढली. कुसुमची पाठ बघून तुम्ही "माय वं" म्हणालात, एवढंच. लाल चट्ट्याची कातडी निघाली होती.

तुम्ही तिला पुसलं, धुतलं, मलम लावलं. चिमटा काढून बघितलात, मग माझ्याकडे बघितलंत. आणि जिन्यात मला गाठलंत.

"भाऊसाहेब, चिमटा उलटा लावलेला हाय. मी कंदी उलटा लावत न्हाई."

"काय बोलून राहिल्या मावशी?"

"आवाजासाठी काढला व्हता का?" तुम्ही हळू विचारलंत. राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तो आवाज मी कवाच बंद केलाय. तुमी गावाकडं गेल्ता तवा. तायला लाज वाटती म्हनून. मोबाइल कमरेला खोचून ठिवते, नुसता थरथरतो. खोलीत कुनालाच कळत न्हाई."

मी जिना उतरून गेलो, प्रयागबाई. तुम्ही वरच्या पायरीवर उभ्या होतात, आणि मी काही न बोलता उतरून गेलो. जो आवाज येऊ नये म्हणून मी हे सगळं केलं, तो तुम्ही आठ दिवसांपूर्वीच थांबवला होता. कुसुमच्या लाजेचा विचार तुम्ही केलात आणि तिला कोरडंही ठेवलंत. मी माझ्या लाजेचा विचार केला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. चौकशी कसली, चार नंबरच्या दारात पाच माणसं उभी राहिली. केंद्राचे व्यवस्थापक, नर्स, पुण्याहून गाडी मारत आलेला माझा थोरला, तुम्ही आणि मी. व्यवस्थापकांच्या हातात यंत्राची नोंद होती. दिवसभर कोरडं आणि साडेपाचला एकदम ओलं. "असं होत नसतं," ते म्हणाले. "कुणीतरी सेन्सर काढून ठेवला होता. दिवसभराचं काम वाचवायला."

"मी न्हाई काढला," तुम्ही म्हणालात. "आन् मला आत येऊ नका म्हनून भाऊसाहेबांनीच सांगितलं व्हतं. इचारा त्यांला."

सगळे माझ्याकडे वळले. पलंगावरून कुसुमही बघत होती.

मी म्हणालो, "पाव्हणे असताना जरा थांबा, असं म्हणालो असेन. दिवसभर येऊ नका असं कसं म्हणेन?"

"आणि सेन्सर? मावशींनी काढलेला तुम्ही पाहिला का?"

"मी पाव्हण्यांत होतो. माझं लक्ष नव्हतं."

कचेरीत मुरलेल्या माणसाची वाक्यं आहेत ही. धडधडीत खोटं एकही सापडायचं नाही, आणि माणूस मात्र मारला जातो. तुमच्यावर आळ चटकन बसेल हे मला ठाऊक होतं. डोक्यावर पदर घेतलेली, बारा तासांची ड्युटी करणारी, तुमच्या समाजाची बाई. माझ्यासारख्याच्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार? त्या दारात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि बोललं कुणीच नाही.

"भाऊसाहेब, सांगा की," तुम्ही म्हणालात.

मी घसा खाकरला. थोरला तुमच्यावर ओरडला. तुमच्याहून लहान तो, तुम्हाला एकेरीत बोलला, आणि मी त्याला थांबवलं नाही. तुम्ही तोंड उघडलंत. मला वाटलं, आता उलट्या चिमट्याचं सांगणार. तुम्ही कुसुमकडे बघितलंत, आणि तोंड मिटून घेतलंत. कमरेचा मोबाइल काढून टेबलावर ठेवलात आणि तुमची पिशवी आणायला गेलात.

कुसुमने त्या दिवसापासून मी आलो की मान भिंतीकडे फिरवायला सुरुवात केली. तेवढी मान तिला वळवता येत होती. जखम भरली नाही. चार महिन्यांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मान डोलावली.

तुम्हाला दिलेल्या पत्रात केंद्राने लिहिलं, 'निष्काळजीपणामुळे कामावरून कमी केले.' ते पत्र दाखवल्यावर लातुरात कुणी ठेवून घेतलं नाही, नांदेडला कुणी ठेवून घेतलं नाही, हे मला नंतर कळलं. माणसाला जरासुद्धा न दुखवता कुशीवर वळवणारे तुमचे हात. ते दुसऱ्यांच्या रानात हळद काढायला लागले.

कुसुम गेल्यावर तुमचा फोन आला होता. "ताय गेल्या म्हनं."

"हो."

"जखम भरली व्हती का?"

"भरत आली होती," मी म्हणालो. तेही खोटं.

"बरं झालं." मग तुम्ही फोन धरून ठेवलात. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी हापसा मारत होतं. किती वेळ तुम्ही थांबल्या होतात. मला बोलायला जागा करून देत होतात, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "ठेवतो मग."

आपलं शेवटचं बोलणं ते.

तुमच्या लेकीने, प्रज्ञाने, तुम्ही गेल्याचं कळवलं. तुमच्या मोबाइलमधल्या साऱ्या नंबरांवर ती फोन करून राहिली होती. माझा नंबर 'कुसुमताय' नावाने होता. नांदेडला नेता नेता जीपमध्येच तुमचं हृदय थांबलं, एवढं तिने सांगितलं, आणि रविवारी या म्हणाली. अहमदपूरहून निघून नांदेडला बस बदलून तुमच्या हिमायतनगरपर्यंत मी एकच वाक्य घोकत आलो. चिमटा मी काढला होता. माईक हातात आल्यावर तोंडातून आलं ते 'पोकळी निर्माण झाली आहे'.

कार्यक्रम आटोपल्यावर प्रज्ञा चहा घेऊन आली. ती नांदेडच्या दवाखान्यात नर्स झालीय, तुम्ही बघूनच गेलात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"आईनं मला समदं सांगितलं होतं, भाऊसाहेब."

मी कप खाली ठेवला.

"मी म्हणलं, तू तिथंच का नाही बोललीस? तर म्हणाली, ती बाई बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला खोटं पाडायचं जिवावर आलं. आन् म्हणायची, लिहिणारा माणूस हाय तो. आज ना उद्या लिहून दील. आज तुम्ही माईक घेतला तेव्हा मला वाटलं..." वाक्य तिने सोडून दिलं. "साखर कमी हाय का चहात?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. 

परवा मी लातूरला जाऊन आलो. कागद घरूनच लिहून नेला होता. नाव, गाव, वय लिहून पुढे असं: 'कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, चार नंबर खोलीतील पेशंट माझी पत्नी हिचा सेन्सर पाहुणे येण्यापूर्वी मी स्वतःच्या हाताने काढला व सायंकाळपर्यंत माझ्या खिशात ठेवला. प्रयागबाई यांना खोलीत येण्यास व कूस बदलण्यास मीच मनाई केली. चौकशीत मी खरे सांगितले नाही. प्रयागबाई यांची कोणतीही चूक नव्हती. पत्नीस झालेल्या जखमेस मी जबाबदार आहे.'

पंचनाम्याला दोन पंच लागतात. तो दिवस पाहिलेल्या दोघीच होत्या. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीचं कुणी ऐकलं नाही. पंचांच्या सहीची जागा कोरी ठेवली.

व्यवस्थापकांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आता काय उपयोग? त्या तर गेल्या. तुमचं वय बघता..."

"आवक शिक्का मारा," मी म्हणालो. "नंबर टाका. आणि त्यांच्या पत्रातलं ते वाक्य खोडून नवं पत्र द्या."

"वरच्यांना विचारावं लागेल."

"विचारा. मी बसतो."

दुपार उलटेपर्यंत बसलो. तुमच्याच बाकावर. शिक्का मिळाला, दुरुस्त पत्रही मिळालं. 'सेवा समाधानकारक.' दोन शब्द. तुम्हाला ते हळदीच्या रानात जाण्याआधी मिळायला हवे होते. थोरल्याला कागदाचा फोटो पाठवला. त्याने फोन करून विचारलं, "बाबा, हे आता कशाला उकरता?" त्याला म्हणालो, त्या दारात तू ज्या बाईवर ओरडलास तिची माफी मागायची राहिली आहे, आणि तीही आता मागता येणार नाही. त्याने फोन ठेवला.

दोन्ही कागद त्याच दिवशी कुरिअरने प्रज्ञाला पाठवले. आज सकाळी तिला फोन केला.

"मिळाले, भाऊसाहेब."

"वाचलेस?"

"हाव. शिक्का बी बघितला. आईच्या फाइलीत लावले."

मी म्हणालो, "प्रज्ञा, तुझ्या आईनं मला कधी माफ..."

"ते मला नका विचारू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ते आईचं होतं. माझ्याकडं नाही ठेवून गेली ती."

पलीकडे, तिच्या वॉर्डात, टुंग-टुंग वाजलं. तोच आवाज. कुणाच्या तरी खोलीत, कुणाच्या तरी पाहुण्यांसमोर, खणखणीत.

"आले, आजी, आले," प्रज्ञा म्हणाली. ते माझ्यासाठी नव्हतं. फोन तसाच चालू राहिला, आणि तिच्या धावत्या पावलांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.